आवणीचा चिखल
आषाढात जुन्नरच्या पश्चिमेला आपटाळे-घाटघरकडे, नाहीतर आंबेगावात आहुप्याला जाऊन बघा. धो धो पाऊस, पोटरीभर चिखल, डोक्यावर इरलं. भाताची आवणी म्हणजे कंबरडं मोडणारं काम. आज तुमच्या खाचरात, उद्या आमच्या, अशी सावड चाललेली. आणि त्यातच एखादी भावजय हातातली रोपांची जुडी खाली ठेवते, मूठभर चिखल उचलते अन् थेट दिराच्या पाठीवर! मग कुणीच सुटत नाही, सासूबाईसुद्धा. मला ही मस्ती कामाइतकीच मोलाची वाटते. सकाळपासून वाकलेल्या पाठी त्या हसण्यानंच तर जरा सरळ होतात. दुपारी बांधावर भाकरी सुटते, आणि अंधार पडायच्या आत अख्खं खाचर लावून झालेलं असतं.