घरीच विणलंय, त्यात काय एवढं?

नाताळात शेजारून कुंसवादाचं ताट येतं. नेवऱ्या, दोदोल, बिबिंक. चवथीला आपल्या नेवऱ्या त्यांच्याकडे जातात, तसंच हे. ताट रिकामं परत करायचं नाही हा आपला रिवाज, आणि यंदा त्या घरात नातू आलाय. म्हणून ताटावर मी हातानं विणलेलं पांघरूण ठेवणार आहे. ऑफिसात हे सांगितलं, तर एक मैत्रीण म्हणाली, "बरं झालं, खर्च वाचला."

वाचला? कारकुनाला हिशेबाची खोड असते, तेव्हा करूनच टाकू. साधारण तीन फुटी चौकोनी पांघरूण, एका ओळीत २०० टाके, ओळी २७०. म्हणजे ५४,००० टाके. मिनिटाला २५ पडले, तरी ३६ तास. आठ तासांच्या दिवसानं साडेचार दिवसांचा पगार! यात उसवणं धरलेलं नाही. शिवाय हे तास सलग कोणाला मिळतात? थोडे कदंबाच्या सीटवर, थोडे कुकरच्या शिट्ट्या मोजताना.

तरीही देताना आपणच म्हणतो, "वेळ जात नव्हता, म्हणून विणलं." हे वाक्य मला अजिबात पटत नाही. आपणच आपला वेळ शून्य धरला, की घेणाराही तसाच धरतो. ऑर्डर घेऊन विणणाऱ्या बायकांचं नुकसान इथंच होतं. लोकरीच्या गुंड्याची किंमत दुकानात सगळ्यांना कळते, मग घासाघीस उरते ती फक्त हातांच्या मजुरीवर. आजीच्या वाकळीचंही तेच. जुन्या लुगड्यांचे थर आणि दाट धावदोरा, घरात त्याची किंमत कोणी केली नाही. आज तसलंच काम प्रदर्शनात चांगल्या भावानं विकलं जातं, तेव्हा आपण "अबब" म्हणतो.

माझं म्हणणं, भेट द्या, पण तास सांगून द्या. त्यात मिरवणं कसलं?

आता बाळाचं. आपल्या दमट हवेत लोकर टोचते, घाम येतो. सुती दोराच बरा. वीण दाट हवी, मोठ्या भोकांत बोटं अडकतात. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना सुटं पांघरूण घालू नये, तोंडावर आलं तर धोका असतो. मांडीवर घेताना गुंडाळावं, जमिनीवर खेळताना अंथरावं.

शेजारीण "देव बरें करूं" म्हणेल आणि ते कपाटात जपून ठेवेल, ही खरी भीती. आपल्याकडे कपाटात जपलेल्या वस्तूला पावसाळ्यात बुरशी लागते. म्हणून मी तिला बजावणार आहे, बाये, रोज वापर, मळलं तर धू. फक्त दोरीवर टांगू नकोस, ओलं विणकाम वजनानं लांबतं. चादरीवर सपाट पसरून वाळव.