कोठीचा तट

हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंट कर्कपॅट्रिकनं आपल्या वाड्याचा भलामोठा नकाशा दरबारात उलगडला, तेव्हा निजाम अली खानानं साफ नकार दिला म्हणे. मग तोच नकाशा चिटुकल्या कागदावर काढून नेला आणि मंजुरी मिळाली. किस्सा गमतीचा आहे. बांधकामाचा पैसा मात्र निजामाच्या तिजोरीतून आला, म्हणजे शेवटी रयतेच्या सारावसुलीतून. तीच ही कोठी.

१७ जुलै १८५७ला तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी माणसं घेऊन या कोठीवर चाल केली. हल्ला फसला. त्यानंतर भोवती भक्कम तटबंदी उभी राहिली. बाहेर बाजार, आत बाग.

आज आत मुली शिकतात. इथल्या कॉलेजचं २०२२मध्ये महिला विद्यापीठ झालं आणि २०२४मध्ये त्याला चाकली इलम्माचं नाव मिळालं. ही तेलंगणातल्या पालकुर्तीची, परीट समाजातली बाई. विसनूरच्या जमीनदार देशमुखाची माणसं तिचं पीक लुटायला आली, तेव्हा ती जमीनदारांविरुद्ध लढणाऱ्या संघमच्या कार्यकर्त्यांना घेऊन शेतात उभी राहिली. रेसिडेंटच्या महालावर तिचं नाव लागावं, याचा मला मनापासून आनंद आहे. (नावं बदलण्याचा सोस एरवी मला फारसा रुचत नाही.)

पण तट गेला असं मात्र म्हणवत नाही. तो विटांचा राहिला नाही, एवढंच. पूर्वी लग्नाचा बस्ता बांधायला कोठीलगतच्या सुलतान बाजारात सगळेच यायचे: वकिलाची बायको आणि तिच्याकडे भांडी घासणारी बाई एकाच दुकानात, एकाच साडीच्या भावावरून घासाघीस करत. आता वकिलाची सून नव्या वस्तीत, गच्चीबावलीला राहते. तिची खरेदी मॉलमध्ये, बाळंतपण खासगी रुग्णालयात, मुलं बंद काचांच्या स्कूलबसमध्ये. कोठी भागातल्या सरकारी प्रसूती रुग्णालयात तिच्या ओळखीचं कुणी जात नाही. तिथं एका खाटेवर दोघी असल्या, तरी तिच्या घरी जेवताना त्याचा विषय निघण्याचं कारणच नाही.

विषमतेचं मला भय वाटतं ते इथं. कुणाकडे दोन गाड्या जास्त आहेत, याची असूया कितीशी टिकणार? पण ज्यांचा फोन मंत्रालयात उचलला जातो, त्यांनी सरकारी दवाखान्याची पायरी चढणं सोडलं की तिथल्या गळक्या नळाला वाली उरत नाही. अर्ज करणारे खूप असतात, ज्याचं ऐकून घेतलं जाईल असं कुणी नसतं.

कोठीच्या फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत दोन्ही जगं अजून एकमेकांना शिवतात, तीही पुस्तकांतूनच. महागड्या क्लासच्या मुलानं रद्दीत टाकलेलं गाईड इथं येतं, आणि जिल्ह्यातून आलेली मुलगी निम्म्या किमतीला ते उचलते. समासात उत्तरं लिहिलेली असतील तर दुकानदार भाव कमी करत नाही, उलट चढवतो!

९ डिसेंबर २०२३पासून तेलंगणात बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. कोठीच्या थांब्यावर तेव्हापासून बायकांची झुंबड. मोंढ्यात कामाला जाणाऱ्या, रुग्णालयात डबा नेणाऱ्या, विद्यापीठातल्या. आमच्या मराठी मंडळींच्या एका हळदीकुंकवात यावर तावातावानं चर्चा झाली. ‘फुकट मिळालं की लोक आळशी होतात,’ असं तिथं ठरलं. ठरवणाऱ्या सगळ्या आपापल्या गाडीनं आल्या होत्या, आणि खाली चार ड्रायव्हर दोन तास ताटकळत बसले होते.