म्हातारा ससा, ओली फरशी आणि नमाजची जागा

गेल्या जून महिन्यातली गोष्ट. शाळा सुरू होऊन आठवडाच झाला होता. फजरसाठी उठले, अंधारातच वुजूला निघाले आणि पाय ओल्या फरशीवर पडला. आमच्या मुरबाडकडे पाऊस सुरू झाला की पहिला संशय कौलांवर जातो. वर पाहिलं, सगळं कोरडं. मग वास आला आणि कळलं, बर्फीनं केलंय.

बर्फी म्हणजे आमचा ससा. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा. मुलगी दुसरीत असताना तिच्या मामानं आणून दिला होता, आता ती नववीत आहे. सात वर्षं त्यानं कधी तक्रारीला जागा दिली नव्हती. कोपऱ्यातल्या तसराळ्यात गवत घालून ठेवायचं, तो तिथंच जाऊन सगळं उरकायचा. पण त्या महिन्यापासून मागचे पाय ओढू लागला. तसराळ्यापर्यंत पोहोचायच्या आधीच सुटायचं, आणि पुढं पुढं तर झोपेतही. आठ दिवसांत आमची पडवी, माजघर आणि अम्मींच्या पलंगाखालची फरशी, सगळीकडे पांढरे डाग झाले.

अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचे गुडघे गेलेत, नमाज खुर्चीवर बसून पढतात, पण जागा पाक हवी याबद्दल फार काटेकोर. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "सूनबाई, या घरात आता नमाज कुठं पढायची ते तूच सांग." शेजारच्या भाभींनी उपाय सुचवला, सिद्धगडाखाली जंगल आहे, नेऊन सोडून द्या, अल्लाहचा जीव अल्लाहच्या रानात जाईल. मुलगी दोन दिवस नीट जेवली नाही.

सोडून द्यायचा सल्ला अनेक घरांत दिला जातो, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते. आपल्या भाषेत दोघांनाही आपण ससाच म्हणतो, पण रानातला ससा वेगळा आणि पिंजऱ्यातला वेगळा. रानससा तपकिरी, लांब पायांचा, त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. पाळीव ससा मूळ युरोपातल्या, बिळात राहणाऱ्या सशाच्या वंशातला, त्याची पिल्लं उघडी आणि आंधळी जन्मतात. त्याला आपलं रान माहीतच नाही. शिवाय सिद्धगडचा परिसर १९८५ साली जाहीर झालेल्या भीमाशंकर अभयारण्यात येतो, तिथं पाळीव जनावर सोडून येणं हा काही पुण्याचा मार्ग नव्हे. आम्हांला गवताचे भारे आणून देणारी ठाकर मावशी बर्फीकडे बघून म्हणाली, "बाय, यो रानात येक रात पन नाय काढायचा." रानात वाढलेल्या बाईचा हा शब्द अम्मींनीही ऐकला, आणि तो विषय संपला.

मग पहिलं काम डॉक्टर. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींची गर्दी असते, पण डॉक्टरांनी सशाला हात लावून नीट तपासलं. वयामुळे पाठीच्या मणक्यांचे सांधे धरले आहेत, म्हणून पाय आणि लघवी दोन्हींवर ताबा राहिला नाही, असं त्यांनी सांगितलं. पण प्रत्येक सशाचं कारण हेच असेल असं नाही. मूत्राशयात संसर्ग असतो, खडा किंवा चुन्यासारखा गाळ साठलेला असतो, मज्जासंस्थेचा आजार असतो. तरुण नर हद्द दाखवायला भिंतीवर पिचकाऱ्या मारतो, तो आजार नव्हे. आणि पुष्कळदा कारण आपणच असतो. सशाला कानांनी उचलायची वाईट सवय आपल्याकडे आहे. त्याचं मागचं अंग लोंबकळलं आणि त्यानं जोरात लाथ झाडली, तर त्याचा कणा मोडू शकतो. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली, मुलांना हे आधी शिकवावं. घरातलं माणसांचं अँटिबायोटिक सशाला कधीही देऊ नये, त्यांतली काही तोंडावाटे दिली तर सशाच्या आतड्यांचं काम बिघडून तो मरतो. तालुक्याला उपाय झाला नाही तर मुंबईत परळला १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं प्राण्यांचं मोठं रुग्णालयही आहे.

आणखी एक चूक मी स्वतः केली. लघवी कमी व्हावी म्हणून दोन दिवस पाणी कमी ठेवलं. डॉक्टर रागावले. ससा खाण्यातला जवळजवळ सगळा चुना अंगात घेतो आणि जास्तीचा लघवीतून टाकतो, म्हणून त्याची लघवी गढूळ, पांढरट असते. पाणी कमी केलं की तोच चुना आत साचून खडा होतो. पाणी भरपूर हवं. खाण्यात मुख्य सुकं गवत. लसूणघासात चुना फार, तो म्हाताऱ्या सशाला रोज घालू नये. लघवी कधी लालसर दिसली तर ती पाल्याच्या रंगानंही होते, पण दोन दिवसांत रंग गेला नाही किंवा ससा कण्हू लागला तर लगेच दाखवावं.

आता फरशी. आमच्या घरात तीन तऱ्हा आहेत. माजघरात जुनी शहाबादी, पुढच्या खोलीत नव्या गुळगुळीत टाइल्स आणि मागच्या पडवीत सारवलेली जमीन. तिन्हींची रीत वेगळी, आणि हे न कळल्यामुळे मी एक लादी कायमची खराब केली.

सशाच्या लघवीचा पांढरा डाग म्हणजे चुना. टाइलवर तो पांढऱ्या सिरक्यानं जातो. निम्मा सिरका, निम्मं पाणी, दहा मिनिटं ठेवून पुसायचं आणि साध्या पाण्यानं धुवायचं. मी तोच सिरका शहाबादीवर ओतला. पण शहाबादी फरशी स्वतःच चुनखडीचा दगड आहे. कोटा आणि संगमरवर त्याच जातीचे, मोझेकमध्येही संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट असतं. सिरका डाग खातो तसाच दगडही खातो. शाळेत खडूवर लिंबू पिळून बुडबुडे दाखवते ती मी, घरी विसरले! त्या लादीवरचा तुळतुळीतपणा गेला, आता ती जागा खरबरीत आहे आणि तिथं वास जास्तच मुरतो. तेव्हा शहाबादी, कोटा, मोझेक, संगमरवर यांवर सिरका, लिंबू, चिंच, संडास धुवायचं ॲसिड काहीही नको. साबणाचं पाणी, मऊ ब्रश, आणि जुन्या डागावर खायच्या सोड्याचा पातळ लेप, बस. सारवलेल्या जमिनीत लघवी मुरते, तिथं वरची माती बोटभर खरवडून नवी घालायची आणि पुन्हा सारवायचं. आणि ब्लीचिंगमध्ये ॲसिड किंवा सिरका कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. फिनेलचा उग्र वासही सशाच्या नाकाशी येतो, वापरलंच तर फरशी धुऊन कोरडी करूनच त्याला सोडावं.

पुसत बसण्यापेक्षा फरशीपर्यंत जाऊच न देणं बरं. महिनाभर चुकत चुकत आमची जी रीत बसली ती अशी.

एक, सशाला सगळं घर मोकळं ठेवायचं नाही. आम्ही माजघराचा एक कोपरा लोखंडी जाळीनं अडवला, साधारण एका पलंगाएवढा. पिंजऱ्यात कोंडायचं नाही, बसून बसून पाय आणखी जखडतात.

दोन, सगळ्यात खाली टेबलावर घालतात ते जाड प्लास्टिकचं कापड, मीटरवर मिळतं. ते जागेपेक्षा वीतभर मोठं घ्यावं आणि कडा जाळीच्या बाहेर वर वळवून चिमट्यांनी बांधाव्यात. कडा सपाट राहिल्या की लघवी वाहत बाहेर येते. कडा आत राहिल्या की ससा कुरतडतो.

तीन, त्यावर शोषणारा थर. आधी वर्तमानपत्राचे चारपाच पदर, मग जुन्या गोधडीचे किंवा टॉवेलचे तुकडे.

चार, सगळ्यात वर थंडीत पांघरतो त्या मऊ, लोकरीसारख्या पण सिंथेटिक ब्लँकेटचा तुकडा. त्यातून लघवी खाली उतरते आणि वरची बाजू बरीच कोरडी राहते. नवं असेल तर दोनदा धुऊन घ्यावं, नाहीतर पाणी वरच तरंगतं. गुळगुळीत टाइलवर पाय घसरून सशाचं दुखणं वाढतं, तेही यानं थांबतं. गोणपाट वापरू नये, ससा सुतळी खातो. लाकडाचा बारीक भुसा नाकात जातो. लहान मुलांचं डायपर बांधलं तर ओल अंगाला चिकटून राहते आणि आतला कापूस तो फाडून खातो.

असे तीन संच केले. एक खाली, एक दोरीवर, एक तयार. आपल्याकडच्या पावसात दोन संचांत भागत नाही, काहीच वाळत नाही.

याहून महत्त्वाचं म्हणजे सशाचं अंग. ओलं राहिलं की मांड्यांची कातडी भाजल्यासारखी लाल होते, केस गळतात. पावसाळ्यात तिथं माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडून ससा दगावू शकतो. म्हणून मागचे केस कापून घेतले आहेत आणि सकाळ-संध्याकाळ उलटून पाहतो. कोमट पाण्यानं पुसून पूर्ण कोरडं करायचं. हे काम मुलीनं स्वतःकडे घेतलं.

राहिला अम्मींचा प्रश्न, जागा पाक कशी करायची. माझं माहेर मालेगावचं, हनफी. सासर कोकणी, शाफई. मौलानांना विचारलं तेव्हा दोन्ही नीट समजलं. ससा हलाल आहे यात चारही इमामांचं एकमत आहे. हनफी मसलकात हलाल जनावराची लघवी हलक्या दर्जाची नापाकी मानली जाते, आणि जमीन किंवा जमिनीला पक्की बसवलेली फरशी वाळून डाग-वास गेला तर नमाजपुरती पाक होते. शाफई मसलकात लघवी नापाकच, आणि नुसतं वाळून चालत नाही, पाणी हवं. आम्ही घरात शाफई रीत धरली, म्हणजे कुणाच्या मनात शंका राहत नाही. आधी कोरड्या कापडानं सगळी लघवी टिपून घ्यायची. मग त्या जागेवर स्वच्छ पाणी ओतायचं. मग दुसऱ्या कोरड्या फडक्यानं ते उचलायचं. आपण करतो काय, तर एकाच बादलीत बुडवून तोच पोछा सगळ्या घरभर फिरवतो. त्यानं हातभर नापाकी खोलीभर होते. हे मौलानांनी सांगितलं तेव्हा मला विज्ञानाच्या तासाची आठवण झाली.

त्यांनी मशिदीत लघवी केलेल्या खेडूत अरबाचा प्रसंगही सांगितला. लोक त्याच्यावर धावले, तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्यांना थांबवलं, त्याला पुरतं होऊ दिलं, त्या जागेवर बादलीभर पाणी ओतायला सांगितलं आणि मग त्याला प्रेमानं समजावलं. काम बादलीभर पाण्याचंच होतं.

एका रात्री मी बर्फीचे तुकडे बदलत होते. अम्मी जाग्याच होत्या. बराच वेळ बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्यातलं एक कापड मला दे. पलंगावर घालते."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. शिंकताना, उठताना, रात्री कधी झोपेत. दीड वर्षापासून त्या हे लपवत होत्या. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून चादर धुवायच्या ती यासाठी. आत्याच्या घरी लग्नाला आल्या नाहीत त्या यासाठी. आणि जागा नापाक होते म्हणून सशावर रागावत होत्या, तेव्हा अर्धा राग स्वतःवरच होता. घरात बोलणं चाललं होतं, "म्हातारा झाला, सोडून या," आणि त्या पलंगावर बसून ऐकत होत्या.

हे त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. त्याच म्हणाल्या, "लिही. माझ्यासारख्या घरोघरी असतील."

आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वय, बाळंतपणं, साखर, संसर्ग अशी कारणं असतात आणि पुष्कळदा औषधानं, व्यायामानं फरक पडतो असं त्यांनी सांगितलं. साखर निघाली, औषध सुरू आहे, आता बरंच बरं आहे. मौलानांनाही विचारलं. ज्याला सतत गळतं, थांबतच नाही, त्याला शरियतनं सवलत दिली आहे. वेळ झाली की स्वच्छ होऊन, कापड बांधून वुजू करायचा आणि नमाज पढायची, मग गळलं तरी नमाज होते. कधीमधी होत असेल तर हुकूम वेगळा, म्हणून आपली स्थिती सांगून विचारावं, लाजू नये.

अम्मींच्या पलंगावर आता तसेच थर आहेत. खाली प्लास्टिक, मध्ये टॉवेल, वर मऊ कापड. बर्फी खाली कोपऱ्यात आहे. मागचे पाय आता चालत नाहीत, पण खातो, कान हलवतो. फजरच्या वेळी मी उठते तेव्हा आधी दिवा लावते.

आपल्या घरी कुणी म्हातारं माणूस पहाटे गुपचूप चादर धूत असेल, तर एकदा जवळ बसून विचारा. पुढच्या महिन्यात परीक्षेच्या दिवसांतल्या मुलांच्या झोपेबद्दल लिहीन, इन्शाअल्लाह.