शहागंजचे रूप पालटेल, पण शेतकऱ्याच्या पाटीला जागा कुठे?

शहराचा बाजार हा शहरवाल्यांचा प्रश्न, आपल्याला त्याचे काय, असे खेड्यात म्हटले जाते. हा समज महागात पडणारा आहे. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या पेठेत, शहागंजात, काय बांधले जाते आणि काय हटवले जाते याचा हिशेब शेवटी फुलंब्री, खुलताबाद, पैठण, गंगापूरच्या शेतकऱ्याच्या खिशात येऊन थांबतो. म्हणून शहागंजचा विषय ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर बोलला गेला पाहिजे.

'गंज' या शब्दाचा अर्थच बाजार. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना तिचे औरंगाबाद झाले, आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. नावे बदलली, राज्ये बदलली, पण शहागंजच्या घड्याळाभोवतीचा बाजार काही हलला नाही. माळवं, फळे, कपडे, चपला, रमजानच्या महिन्यात रात्ररात्रभर चालणारी खरेदी, आणि तेथून सराफा, सिटी चौक, गुलमंडीकडे वाहणारी गर्दी, असे त्याचे रूप सगळ्यांच्या परिचयाचे आहे.

बाजार सरकला तो असा

पूर्वी खेड्यातून आलेला माणूस एका फेरीत सगळी कामे उरकायचा. माल विकला, आडत्याकडून पट्टी घेतली, बी-बियाणे आणि घरचा बाजार केला, वेळ उरला तर अंबा-अप्सरा, सादिया, मोहन किंवा अंजलीला सिनेमा पाहिला आणि संध्याकाळच्या एस.टी.ने गाव गाठले. विक्री, खरेदी आणि करमणूक एकाच वाटेवर होती. घरात लग्न निघाले की बस्ता बांधायला अख्खे घर जुन्या शहरातच यायचे.

ही साखळी हळूहळू तुटली. घाऊक बाजार जाधववाडीच्या बाजार समितीत गेला. ते आवश्यकही होते, कारण जुन्या शहराच्या अरुंद रस्त्यांत मालट्रका मावत नव्हत्या. १९७२ नंतर सिडकोने नवे शहर वसवले, त्याच्याबरोबर कॅनॉटसारख्या बाजारपेठा उभ्या राहिल्या. निराला बाजारात चकचकीत दुकाने आली. २०१० मध्ये चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत प्रोझोन मॉल सुरू झाला; त्यात दुकाने, खाणेपिणे आणि अनेक पडद्यांचा सिनेमा एकाच छताखाली आला. एकपडदा चित्रपटगृहांचा जमाना ओसरला. करमणूक एकीकडे, घाऊक विक्री दुसरीकडे आणि घरची खरेदी तिसरीकडे, अशी विभागणी झाली.

जुन्या पेठेचा कायापालट करण्याची भाषा यातूनच येते. शहर २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेत निवडले गेले. त्या योजनेतून शहागंजच्या घड्याळ मनोऱ्याची डागडुजी झाली. हे चांगलेच झाले, जुनी वास्तू जपलीच पाहिजे. रस्ते रुंद व्हावेत, वाहनतळ व्हावे, बायाबापड्यांसाठी स्वच्छतागृहे व्हावीत, याला कोणी विरोध करण्याचे कारण नाही. खरा प्रश्न असा, की नव्या आराखड्यात माळव्याच्या पाटीला चौरस फुटांत जागा दाखवलेली असते काय?

गाळ्याचे गणित

महापालिकेची अडचणही समजून घेतली पाहिजे. तिला पैसा लागतो. मंडईतल्या ओट्याचे भाडे ते किती येणार? त्याच जागेवर तीन मजली संकुल बांधले, तर गाळ्यांचे अधिमूल्य येते, कर येतो. पदरचा पैसाही घालावा लागत नाही, कारण ठेकेदार स्वखर्चाने बांधतो, ठरावीक वर्षे उत्पन्न घेतो आणि मग वास्तू परत करतो. याला 'बीओटी' म्हणतात, म्हणजे बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा.

कागदावर ही योजना सुरेख दिसते. पण औरंगपुऱ्याच्या भाजीमंडईचे काय झाले ते आठवून पाहावे. बीओटीवर घेतलेला तो प्रकल्प वर्षानुवर्षे रेंगाळला. कामे अशी रखडली की गाळेधारक कोर्टात जाऊ शकतो, ठेकेदार वाढीव दर मागू शकतो. भाजीवाल्याला मात्र रोज संध्याकाळी चूल पेटवायची असते. तो रस्त्यावर बसतो, आणि रस्त्यावर बसला की तो 'अतिक्रमण' ठरतो. आधी त्याचा ओटा गेलेला असतो, हे कोणी लक्षात घेत नाही.

दुसरी गोष्ट भाड्याची. संकुलातला गाळा ज्या भावाने जातो, त्या भावाने मेथीची जुडी विकून तो परवडत नाही. तेथे मोबाईल, तयार कपडे, दागिने यांचीच दुकाने येणार. म्हणजे नाव 'मंडईचा विकास' आणि मंडईतून भाजीच गायब, असे होऊ शकते.

शंभरातले तेहतीस

खेड्याला याचा फटका कसा बसतो? रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासात असे दिसले, की ग्राहक टोमॅटोसाठी १०० रुपये देतो तेव्हा शेतकऱ्याच्या हाती सुमारे ३३ रुपये पडतात. कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७. बाकीचे वाहतूक, हमाली, नासधूस, आडत, घाऊक आणि किरकोळ नफा यांत जातात.

आता साधा हिशेब करू. समजा शहरात टोमॅटो ३० रुपये किलो आहे. त्या हिशेबाने शेतकऱ्याला १० रुपये मिळाले, तर १०० किलोचे १,००० रुपये झाले. त्याने ८० किलो बाजार समितीत दिला आणि २० किलो स्वतः शहरात बसून २५ रुपयांनी विकला, तर ८०० अधिक ५०० असे १,३०० रुपये होतात. ग्राहकालाही किलोमागे ५ रुपये स्वस्त पडले. वरच्या ३०० रुपयांतून गाडीभाडे आणि चहापाणी वजा केले, तरी हाती काहीतरी उरते. भाव कोसळलेल्या आठवड्यात तर माल बांधावर फेकायचा की विकायचा, हा फैसलाच या पाटीवर होतो.

पण हा हिशेब एका अटीवर उभा आहे. बसायची जागा नक्की पाहिजे. आज बसला, उद्या हुसकावला, परवा पाटी जप्त झाली, तर ते ३०० रुपये दूरच, दिवसाची मजुरीही बुडते.

कायदा आहे, पण आपल्यासाठी अपुरा

पथविक्रेत्यांसाठी देशात २०१४ चा कायदा आहे. पाच वर्षांतून एकदा विक्रेत्यांचे सर्वेक्षण, नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, हटवण्यापूर्वी ३० दिवसांची नोटीस, आणि परंपरेने भरणाऱ्या बाजाराचा विचार, अशा चांगल्या तरतुदी त्यात आहेत.

मात्र शेतकऱ्याने यावर विसंबून राहू नये. या कायद्याखाली विक्रीचे प्रमाणपत्र घेताना विक्रेत्याला लिहून द्यावे लागते, की उपजीविकेचे दुसरे साधन आपल्याकडे नाही. ज्याच्या नावावर सातबारा आहे तो असे कसे लिहून देणार? शिवाय तो बाराही महिने शहरात बसत नाही. वांगी निघाली तर दोन महिने येतो, सोयाबीन काढणीला लागली की दिसत नाही. सर्वेक्षणाच्या दिवशी तो शेतात असतो. म्हणजे फेरीवाल्यांच्या यादीत त्याचे नाव लागत नाही आणि गाळेधारकांच्या यादीत तर नाहीच नाही. पेठेचा नवा नकाशा काढताना दोन्ही याद्या समोर ठेवल्या जातील, त्या दोन्हींत शेतकरी कुठेच नसेल. खरी मेख येथे आहे.

दुसऱ्यांनी काय केले

हा प्रश्न न सुटणारा मुळीच नाही. पंजाबात १९८७ मध्ये 'अपनी मंडी' सुरू झाली. आंध्र प्रदेशात जानेवारी १९९९ पासून 'रयतु बाजार' उभे राहिले. तेथे अधिकारी पीक तपासून शेतकऱ्याला ओळखपत्र देतात आणि रोजचे भाव फलकावर लावतात. त्याच वर्षी तमिळनाडूत मदुराईला 'उळवर संदै' सुरू झाले. मुद्दा हा, की या राज्यांनी शेतकऱ्याला फेरीवाल्यांत ढकलले नाही, त्याच्यासाठी शहरात वेगळी जागा राखली.

आपल्या राज्यानेही पावले टाकली आहेत. २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, त्यामुळे आवाराबाहेर माल विकायला बंदी राहिली नाही. त्याच वर्षी संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार अभियान आले. विकण्याची मुभा मिळाली, बाजाराची योजनाही आली. पण शहराच्या मध्यभागी, जेथे गिऱ्हाईक पायी येते, तेथे हक्काची जागा नसेल तर मुभेचा उपयोग काय? आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार!

मॉल हा काही शत्रू नव्हे. खेड्यातली पोरे तेथे नोकरीला लागतात, आपली लेकरेही हौसेने फिरायला जातात. मोठ्या दुकानांना भाजी लागते, ती शेतकरी कंपनीने पुरवावी. पण ती दुकाने निवडक माल उचलतात. आकाराने लहान, जरा डागाळलेला, पण खायला उत्तम असा माल शेतकऱ्याकडेच राहतो. त्याला गिऱ्हाईक शहागंजसारख्या पेठेतच मिळते, कारण तेथे कामगार, हमाल, रिक्षावाले, मोलकरणी, अशी हिशेबाने खर्च करणारी माणसे खरेदीला येतात.

व्यापाऱ्यांनीही विचार करावा

शहागंज, गुलमंडीच्या दुकानदारांची तक्रार असते, की दारापुढे पाट्या लागल्या की गिऱ्हाईक आत येत नाही. तक्रार अगदीच खोटी नाही. पण दुष्काळाच्या वर्षी या पेठेत माशा मारत बसावे लागते, हे तेच दुकानदार सांगतात. पेठ खेड्याच्या पैशावर चालते. माल विकायला आलेला माणूस जाताना लुगडे, चप्पल, पोरांची वह्या-पुस्तके घेऊन जातो. ओळखीच्या दुकानात सुगीपर्यंत उधारीही मिळते, ती मॉलमध्ये कोण देणार? शेतकऱ्याला पेठेतून हुसकावले तर तो जाधववाडीहूनच परत फिरेल आणि खरेदी तालुक्याच्या गावी करील. मग दुकानापुढची जागा मोकळी होईल खरी, पण गल्लाही मोकळाच राहील.

गावाने काय करावे

आराखडा मंजूर झाल्यावर ओरड करणे म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. त्याआधी करण्यासारखी कामे अशी :

माळवं पिकवणाऱ्या गावांनी ग्रामसभेत ठराव घ्यावा. 'जुन्या शहरात शेतकऱ्यांसाठी रोज सकाळी ठरावीक तास किंवा आठवड्यातून ठरावीक दिवस राखीव जागा द्यावी', अशी नेमकी मागणी त्यात असावी. नुसते 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असे लिहिले तर कागद फायलीत जातो.

ठरावासोबत ग्रामसेवक आणि कृषी सहायकांनी गावातील भाजीपाला उत्पादकांची हंगामवार यादी जोडावी. सातबाऱ्यावर पीकपेरा नोंदलेला असला, की शेतकऱ्याच्या नावाने दुसराच कोणी बसतो ही शंका उरत नाही. तलाठ्यांनी याकडे लक्ष द्यावे.

ठरावाच्या प्रती महापालिका आयुक्त, बाजार समिती आणि पणन मंडळ या तिघांना पाठवून पोच घ्यावी. आमदार, नगरसेवक यांच्याकडे पाच-दहा गावांनी मिळून जावे. एका गावाचे कोणी ऐकत नाही.

आणि जागा मिळाली तर ती टिकवणे आपल्या हाती आहे. वजन चोख, भाव लिहिलेला, उठताना जागा झाडून काढलेली. शेतकऱ्याच्या नावावर दलाल बसू लागला तर पहिली तक्रार शेतकऱ्यानेच करावी. नाहीतर नव्याचे नऊ दिवस होतात आणि महापालिकेला बाजार उठवायला आयते निमित्त मिळते.

शहर वाढणार, पेठा बदलणार, त्याला इलाज नाही. मात्र नकाशा काढणारा माणूस कागदावर जे दिसते तेच मोजतो. दुकान दिसते, गाळा दिसतो, वाहनतळ दिसते. पहाटेच्या गाडीने येऊन दुपारी परतणारी पाटी दिसत नाही. ती कागदावर आणण्याचे काम ग्रामपंचायतीचे आहे. त्यासाठी एक ठराव आणि एक यादी पुरते. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा.