शीत कोणत्या बाजूचे घेतले?

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका पातेल्यातला भात बहुधा सारखाच शिजतो. निंबोल्याच्या शिवाराचे तसे नाही. एका शेताला विहिरीचे पाणी, तर बांधापलीकडच्या शेताला नुसता पावसाचा भरवसा. म्हणून कोणत्याही पाहणीचा आकडा वाचताना मुलांनी दोन प्रश्न विचारावेत, असे आम्हाला वाटते. नमुना केवढा होता? आणि तो निवडला कसा?

पहिला प्रश्न हिशेबाचा आहे. समजा, तालुक्यातील १०० घरे चिठ्ठ्या टाकून निवडली आणि ६० घरांनी 'होय' म्हटले. तेवढ्यावरून सगळ्या तालुक्याचे मत ६० टक्के ठरत नाही. ते साधारण ५० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असावे, इतकेच म्हणता येते. ही चुकीची मर्यादा, दोन्ही बाजूंना १०. नमुना ४०० घरांचा केला तर ती ५ वर येते, १६०० चा केला तर अडीचवर. चूक निम्मी करायची तर नमुना चौपट लागतो.

दुसरा प्रश्न अधिक मोलाचा. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीककापणी प्रयोगांचा अभ्यास केला. या प्रयोगात शेतातला मोजका तुकडा कापून त्यावरून पिकाचा उतारा काढतात. तुकडा फार लहान घेतला तर उतारा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, हे त्यांनी १९४६ साली दाखवले. कारण कडेवरची झाडे आतच धरली जातात. अशी एका बाजूला झुकलेली चूक हजार तुकडे कापूनही जात नाही, आणि चुकीच्या मर्यादेत ती दिसतही नाही.

हा विषय केवळ पुस्तकातला नाही. पीकविम्याची भरपाई उताऱ्यावर ठरते. उतारा फुगला की भरपाई घटते. २०१६ च्या प्रधानमंत्री फसल बीमा योजनेत गाव पातळीवर मुख्य पिकासाठी किमान चार प्रयोगांची अट घातली गेली. चार हा नमुना फारच लहान. आता काही पिकांसाठी उपग्रहावरून काढलेला अंदाजही धरतात, पण तोही अंदाजच.

तेव्हा पालकांनी कापणीच्या दिवशी शेतावर हजर राहावे. तुकडा आधी ठरलेल्या आकड्यांप्रमाणे पावले मोजून घेतला, की पीक बरे दिसले तेथे, हे पाहावे. दोरी नीट ताणली का, तेही पाहावे. विश्वस्तांनी शाळेला एक मोजपट्टी, दोरी आणि वजनकाटा द्यावा. वरच्या वर्गांतील मुलांनी एकाच शेतात आधी दोन, मग आठ तुकडे कापून आकडे ताडून पाहावेत. आकड्याला घाबरू नये आणि त्याच्यापुढे मानही तुकवू नये, हे शिक्षण त्यातून मिळेल.