नोंद होण्याआधीची रात्र

वेळ नदीच्या काठावरून रात्रीत मोटारी गेल्या, केबल कापून नेली किंवा डीपी फोडून आतलं तांबं काढलं, की आमच्या तळेगाव ढमढेऱ्यात दुसऱ्या दिवशी एकच बोलणं ऐकू येतं. ‘एखाद्याला उचला, चांगला बडवा, सगळं दाखवतो बघा.’ बोलणारी माणसं वाईट नसतात. ज्याची मोटार गेली त्याचा ऊस पाण्यावाचून उभा असतो आणि सोसायटीचं आधीचं कर्जही फिटलेलं नसतं. त्याचा संताप खरा आहे. पण त्या संतापाच्या भरात आपण पोलिसांना जे करायला सांगतो, त्यात माणसं मरतात. त्या मेलेल्यांत आपल्या पुणे जिल्ह्यातलीही माणसं आहेत.

1998 सालच्या जून महिन्यात बारामतीत पोलिसांच्या ताब्यात असताना पिन्या हरी काळे या पारधी माणसाचा मृत्यू झाला. दिलीप डिसूझा यांनी भटक्या-विमुक्तांवर लिहिलेल्या ‘ब्रँडेड बाय लॉ’ या पुस्तकात हे प्रकरण मांडलं आहे. बारामती आमच्यापासून लांब नाही. दौंडच्या पलीकडे गेलं की आलीच. शिरूर आणि दौंडच्या माळांवरही पारध्यांच्या वस्त्या आहेत, आणि चोरी कुठेही झाली तरी पहिली गाडी कुठे जाते हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, स्वतंत्र भारतानं तो 1952 मध्ये रद्द केला. कागदावरून तो गेला, पण गावाच्या आणि ठाण्याच्या डोक्यातून अजून जायचा आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: पकडलेल्या माणसाला कायद्यानं पुष्कळ संरक्षण दिलेलं आहे, पण ते बहुतेक सगळं अटकेची वेळ कागदावर लिहिली गेली की मगच सुरू होतं. मार पडतो तो बहुधा त्याआधी. संध्याकाळी सात वाजता माणूस घरून नेला. घरच्यांना सांगितलं, ‘चौकशीला बोलावलंय, सकाळी सोडतो.’ स्टेशन डायरीत नोंद नाही, अटक पंचनामा नाही, वैद्यकीय तपासणी नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी अटक दाखवली, की कायद्याचे चोवीस तास दुपारपासून मोजायला लागायचे. मधली रात्र कुणाच्याच हिशेबात नाही. बायको आणि म्हातारे आईबाप ठाण्याबाहेरच्या चहाच्या टपरीजवळ बसलेले असतात. आत जाऊन ‘आमच्या माणसाला अटक झाली आहे का’ एवढं विचारायचंही त्यांना धाडस होत नाही. विचारलं तरी उत्तर येतं, ‘अटक कुठाय? नुसतं बसवलंय.’

राज्यघटनेच्या कलम 22 नं सांगितलं आहे की अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं केलंच पाहिजे, प्रवासाचा वेळ तेवढा वगळून. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम 58 मध्ये आहे. तळेगाव शिक्रापूर ठाण्याच्या हद्दीत येतं आणि आमचं न्यायालय शिरूरला, घोडनदीत. तासाभराचीही वाट नाही. म्हणजे प्रवासाची सबब आमच्याकडे चालायला नको.

दंडाधिकाऱ्यापुढे उभं करणं ही गोष्ट किती मोलाची आणि किती तकलादू आहे, ते मी एका तालुक्याच्या न्यायालयात मागच्या बाकावर बसून पाहिलं आहे. दिवाणी दाव्यांच्या तारखा चाललेल्या असतात. मध्येच दोन शिपाई एका पोराला घेऊन येतात. तोंडावरचा फडका काढतात. न्यायाधीश विचारतात, ‘पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का?’ पोरगा आधी उजवीकडच्या हवालदाराकडे बघतो, मग मान हलवतो. ‘नाही साहेब.’ पुढे सरकारी वकील पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मागतात, तीन दिवसांचा मिळतो, फडका परत तोंडावर. सगळं उरकायला दोन मिनिटंही लागली नाहीत. तो पोरगा चालताना डावा पाय नीट टेकवत नव्हता. हे मागच्या बाकावरून मला दिसलं. पुढून ते कुणी विचारलं नाही. ज्याच्या ताब्यात तीन दिवस परत जायचं आहे, त्याच्याच देखत त्याच्याविरुद्ध तक्रार कर, असं आपण त्या पोराला सांगतो. पोलिसांना चार पावलं मागे थांबायला सांगून हाच प्रश्न विचारला असता तर उत्तर कदाचित वेगळं आलं असतं. त्याला नवा कायदा लागत नाही, न्यायाधीशाचा एक शब्द पुरतो.

हा प्रश्न विचारण्याची सक्ती आली ती महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातून. 1982 च्या मे महिन्यात पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगात 15 महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या 5 जणींनी पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं. फेब्रुवारी 1983 मध्ये निकाल लागला, तो महाराष्ट्र सरकारला उद्देशून. बायकांसाठी वेगळी कोठडी, पहारा महिला शिपायांचा, चौकशी महिला पोलिसांच्या समोरच. दंडाधिकाऱ्यानं प्रत्येक आरोपीला छळाची तक्रार आहे का ते विचारायचं आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क आहे हेही सांगायचं. शिवाय आणखी एक आदेश होता, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अटक झालेल्याचे हक्क सांगणारं पत्रक सरकारनं मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापायचं, राज्यातल्या प्रत्येक कोठडीत चिकटवायचं, आणि आणलेल्या माणसाला त्याला कळेल त्या भाषेत वाचून दाखवायचं. या आदेशाला चाळीस वर्षं उलटून गेली. आपण ठाण्यात पासपोर्टच्या, भाडेकरूच्या, हरवलेल्या कागदांच्या कामाला जातो. ते पत्रक आपल्यापैकी किती जणांनी भिंतीवर पाहिलं आहे?

भाषेचा मुद्दा आमच्या भागात आता फार मोठा झाला आहे. सणसवाडी, रांजणगावच्या कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडून आलेली हजारो माणसं काम करतात, कोंढापुरी-शिक्रापूरपर्यंत खोल्या करून राहतात. त्यातल्या एखाद्याला रात्री नेलं तर त्याच्या खोलीवरच्या सोबत्यांना ठाणं कुठे, वकील कुठे, काहीच ठाऊक नसतं. अशा माणसासाठी नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिलेला निकाल मोलाचा आहे. वरळीच्या बीएमडब्ल्यू गाडीच्या अपघातातल्या आरोपीनं आव्हान दिलेलं ते प्रकरण. न्यायालय म्हणालं की अटकेची कारणं लेखी द्यायला हवीत, गुन्हा कुठलाही असो, आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायला हवीत. लगेच देता आली नाहीत तर निदान रिमांडसाठी उभं करण्याच्या दोन तास आधी. नाही तर अटकच बेकायदा. श्रीमंताच्या पोरानं लढवलेल्या खटल्यातून हा हक्क मिळाला खरा, पण त्याची खरी गरज भोजपुरी बोलणाऱ्या हेल्परला आणि माळावरच्या पारध्याला आहे.

आता प्रश्न उरतो मार का देतात याचा. फौजदारी कायदा पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून मानतच नाही. इंग्रजांच्या काळापासून मानत नाही, कारण तो कसा मिळतो हे त्यांनाही माहीत होतं. पण त्याला एक दार ठेवलं आहे. आरोपीनं सांगितलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढं सांगणं पुराव्यात येतं. पूर्वी साक्ष कायद्याचं कलम 27 होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्ये ते आहे. म्हणून सगळी धडपड ‘रिकव्हरी’साठी. मोटार काढून दिली, मेमोरँडम पंचनामा झाला, केस उभी राहिली. ज्या ठाण्याकडे इतकी गावं, एवढा हायवे, वर बंदोबस्त आणि मिरवणुका, तिथला हवालदार बोटांचे ठसे आणि भंगारवाल्यांच्या वह्या तपासत बसण्याऐवजी पट्ट्याकडे वळतो. त्याच्या अडचणी मला मान्य आहेत, आठ तासांची पाळी त्याच्याही नशिबी नसते. पण मार खाणारा माणूस मार थांबावा म्हणून बोलतो. कुणाचंही नाव घेतो, न केलेली चोरीही अंगावर घेतो. खरा चोर पुढच्या अमावास्येला दुसऱ्या काठावरची मोटार उचलतो. ज्या शेतकऱ्याच्या नावानं हे सगळं चाललं, त्याच्या विहिरीवर मोटार काही परत येत नाही.

आणि हात जास्त पडला, तर पुढचं झाकावं लागतं. महाराष्ट्रात ते कसं झाकलं गेलं याची दोन उदाहरणं सगळ्यांनी वाचलेली आहेत. घाटकोपरच्या बॉम्बस्फोटानंतर 2002 च्या डिसेंबरात ख्वाजा युनूस या परभणीच्या इंजिनिअर तरुणाला अटक झाली. जानेवारी 2003 मध्ये पोलिसांनी सांगितलं, त्याला औरंगाबादकडे नेताना गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. फिर्याद नोंदवली ती पारनेर ठाण्यात. म्हणजे मुंबईहून निघालेली ती कथा आपल्या शिक्रापूर-शिरूरच्या रस्त्यानंच घोडनदी ओलांडून गेली. सीआयडीच्या तपासात ती खोटी ठरली. युनूस कोठडीतच मेला होता, असा तपासाचा निष्कर्ष. त्याची आई न्यायालयांच्या पायऱ्या झिजवत राहिली, मुलाचा मृतदेह तिला कधीच मिळाला नाही. दुसरं 2017 च्या नोव्हेंबरातलं, सांगलीचं. लुटीच्या गुन्ह्यात पकडलेला अनिकेत कोथळे कोठडीत मारहाणीत मेला. पोलिसांनी सांगितलं, तो आणि त्याच्याबरोबरचा दुसरा तरुण दोघं पळाले. प्रत्यक्षात मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला होता. घरचे ठाण्यासमोरून हलले नाहीत म्हणून ते बाहेर आलं, आणि फौजदारासकट पोलिसांनाच अटक झाली.

दोन्हीकडे उत्तर एकच होतं: पळून गेला. केंद्र सरकारनं संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे एप्रिल 2017 ते मार्च 2022 या पाच वर्षांत देशात पोलीस कोठडीतल्या मृत्यूंची 669 प्रकरणं नोंदली गेली. गुजरात 80, त्याखाली महाराष्ट्र 76. ही नोंदलेली.

म्हणून नोंदीवर इतका भर देतो आहे. डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 1996 मध्ये सांगितलं की अटकेचा मेमो जागेवरच व्हावा, त्यावर तारीख आणि वेळ असावी, आणि घरच्यापैकी एकाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित माणसाची सही असावी. खेड्यात हा प्रतिष्ठित माणूस कोण? पोलीस पाटील, सरपंच, एखादे गुरुजी. म्हणजे कोठडीतल्या माणसाच्या जिवाची पहिली जबाबदारी गावातल्याच कुणाच्या तरी पेनाच्या टोकावर आहे. आमच्याकडे पंच म्हणून कोऱ्या कागदावर सही करायची जुनी खोड आहे. ‘साहेबांनी सांगितलं, केली सही.’ पाटलांनो, त्या सहीआधी वेळेचा रकाना बघा. माणूस घरून सातला नेलेला तुम्ही डोळ्यांनी पाहिला असेल आणि कागदावर दुसऱ्या दिवशीची दुपार असेल, तर त्या कागदाला हात लावू नका.

घरच्यांसाठी काही गोष्टी सांगतो, त्या वहीत लिहून ठेवण्यासारख्या आहेत. माणूस नेला त्या क्षणी गाडीचा नंबर, वेळ आणि आलेल्या पोलिसाच्या छातीवरचं नाव कुणाला तरी मोबाईलवरून मेसेज करा. त्या मेसेजवर वेळ आपोआप पडते आणि पुढे ती कुणाला पुसता येत नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात बहुतेकदा अटकेआधी नोटीस द्यावी लागते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 मध्ये ते आहे. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि माणूस साठीच्या पुढचा किंवा आजारी असेल, तर उपअधीक्षकांच्या परवानगीशिवाय अटकच करता येत नाही. चौकशीच्या काळात वकिलाला भेटण्याचा हक्क कलम 38 मध्ये आहे. पूर्ण वेळ वकील शेजारी बसणार नाही, पण भेट नाकारता येत नाही. पैसे नसले तरी वकील मिळतो. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न बघता सरकारी खर्चानं वकील देण्याची तरतूद 1987 च्या विधी सेवा कायद्यात आहे. शिरूरच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे, आणि 15100 हा फोन नंबर देशभर चालतो. डॉक्टरांच्या तपासणीच्या अहवालाची प्रत मागा. ती आरोपीला किंवा तो सांगेल त्या माणसाला द्यायची, असं संहितेचं कलम 53 म्हणतं.

नव्या संहितेतला एक बदल मात्र मला धास्तावणारा वाटतो. पूर्वी पोलीस कोठडी पहिल्या पंधरा दिवसांतच मिळायची, ते दिवस संपले की माणूस न्यायालयीन कोठडीत आणि पोलिसांच्या हाताबाहेर. आता कलम 187 प्रमाणे ते पंधरा दिवस तुकड्या-तुकड्यांनी, गुन्ह्याप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत कधीही मागता येतात. येरवड्याच्या तुरुंगात पोचलेल्या माणसानं ‘मला मारलं’ असं तोंड उघडलं, तर त्याला परत त्याच ठाण्यात आणता येऊ शकतं, ही भीती त्याच्या डोक्यावर दोन महिने लटकत राहणार. प्रत्येक रिमांडच्या वेळी वैद्यकीय कागद समोर ठेवल्याशिवाय पीसीआर देऊ नये, एवढा आग्रह वकील मंडळींनी तरी धरायला हवा.

राहता राहिले कॅमेरे. डिसेंबर 2020 च्या परमवीर सिंग सैनी निकालानं प्रत्येक ठाण्याचं दार, कोठडी, व्हरांडा सगळीकडे सीसीटीव्ही सक्तीचे केले, आणि चित्रण अठरा महिने, अगदीच जमलं नाही तर निदान वर्षभर जपायला सांगितलं. नोंद न केलेल्या त्या रात्रीचा एवढाच एक साक्षीदार असतो. माणूस नेल्याच्या दुसऱ्याच दिवशी ठाण्याला आणि पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या: अमुक तारखेच्या संध्याकाळी सातपासूनचं चित्रण राखून ठेवावं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज पोस्टातून रजिस्टर करून पाठवा आणि पावती वकिलाकडे द्या.