दुकान बंद की मांस स्वच्छ? खडवलीकरांनी विचारायचा खरा प्रश्न

ऑगस्ट २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने स्वातंत्र्यदिनी मांसाची दुकानं आणि कत्तलखाने २४ तास बंद ठेवण्याचा आदेश काढला. तेव्हाचा गदारोळ सगळ्यांना आठवत असेल. पालिकेने १९८८ च्या ठरावाकडे बोट दाखवलं. जितेंद्र आव्हाडांनी त्या दिवशी मटण पार्टी करणार असं जाहीर केलं. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवारांनीही अशी बंदी योग्य नाही म्हटलं. हिंदू खाटीक समाजानेही विरोध केला. कुणी काय खावं हे सरकारने ठरवू नये, हे आमचं मत तेव्हाही होतं, आजही आहे.

पण त्या वादात एक प्रश्न फारसा ऐकू आला नाही. एक दिवसाच्या बंदीवर एवढं बोललो, मग उरलेल्या ३६४ दिवशी जे मांस आपल्या घरी येतं ते कितपत स्वच्छ असतं?

हद्द संपते, कायदा नाही

टिटवाळ्याच्या पुढचं स्टेशन खडवली. इथे महापालिकेची हद्द मागे राहते आणि ग्रामपंचायतीचा कारभार सुरू होतो. पावसाळ्यात भातसा नदीवर सहलीला येणाऱ्यांची गर्दी असते आणि चिकन-मटणाची मागणीही वाढते. पालिका नाही म्हणजे नियम नाही, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ शहराला जसा लागू आहे तसाच गावालाही. अगदी छोट्या विक्रेत्यालाही नोंदणी करावी लागते आणि देखरेखीची जबाबदारी अन्न व औषध प्रशासनाची, म्हणजे एफडीएची आहे. खराब अन्नामुळे जीव गेला तर किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते.

जीव जातात, हेही खरं आहे. मे २०२४ मध्ये मानखुर्दला चिकन शोरमा खाल्ल्यानंतर १९ वर्षांचा तरुण दगावला. त्याआधी मे २०२२ मध्ये केरळच्या कासरगोड जिल्ह्यात शोरमा खाऊन एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. तिथल्या नमुन्यांत साल्मोनेला आणि शिगेला हे जिवाणू सापडले.

घाण येते कुठून?

साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर, ई. कोलाय हे जिवाणू जनावराच्या आतड्यात असतात. कोंबडी दिसायला ठणठणीत असते, तरी ते तिच्या पोटात असू शकतात. आतडं फाटलं, एकाच ड्रममध्ये एकामागून एक कोंबड्यांची पिसं काढली, भेगा पडलेल्या लाकडी ठोकळ्यावर दिवसभर सुरा चालला, त्याच फडक्याने हात पुसले, की एका कोंबडीतली घाण दहा गिऱ्हाइकांच्या पिशवीत जाते. खिम्याचं तर विचारूच नका. मांसाच्या वरवर असलेले जिवाणू मशीनमधून पार आतपर्यंत मिसळतात.

त्यात उकाडा. ५ ते ६० अंश तापमानात जिवाणू वाढतात. उबदार हवेत काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. या हिशोबाने एकाचे सात तासांत वीस लाखांवर जातात. सकाळी कापून आकड्याला लटकवलेलं मटण संध्याकाळी घेताना हा हिशोब आठवा.

‘शिजवल्यावर सगळं मरतं ना?’ बरोबर, नीट शिजवलं तर बहुतेक मरतात. पण त्याच सुरीने कांदा-काकडी चिरली तर? कचुंबर कुणी शिजवत नाही. शिवाय काही जिवाणूंचं विष उकळूनही जात नाही.

हलाल विचारतो, तय्यिब विसरतो

दुकानात आपण ‘हलाल आहे ना?’ असं विचारतो. विचारायलाच हवं. पण हलालच्या जोडीला तय्यिब, म्हणजे पाक आणि चांगलं, हेही आपल्याला सांगितलेलं आहे. ‘कधी कापलं? बर्फात ठेवलं होतं का? ठोकळा कधी धुतला?’ हे किती जण विचारतात?

आपल्या घरातही सुधारणा हवी. आपण गोश्त नळाखाली खळखळून धुतो. त्याने शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर उडतात. धुवायचंच असेल तर पातेल्यात पाणी घेऊन हळू धुवा, मग हात आणि ओटा साबणाने घासा. कच्च्या मांसाची सुरी वेगळी ठेवा. फ्रिजमध्ये मांस झाकून खालच्या कप्प्यात ठेवा. गेली काही वर्षं बकरी ईद जूनच्या आसपास येतेय. कुर्बानीचे हिस्से प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लोकलने नेताना बर्फाची सोय करा. तासन्‌तास बाहेर ठेवू नका.

दुकानदार शत्रू नाही

यातले बरेच दुकानदार आपलेच भाऊ आहेत, हातावर पोट असलेले. कारवाईच्या नावाखाली त्यांची छळवणूक व्हावी असं आम्हाला बिलकूल वाटत नाही. म्हणून मागणी दोन्हीकडे करावी लागेल. ग्रामपंचायतीकडे वाहतं पाणी, गटार आणि पिसं-आतडी उचलण्याची व्यवस्था मागा. दुकानदाराकडे नोंदणी, स्टीलचा किंवा प्लॅस्टिकचा पाट आणि फ्रिज मागा. नोंदणीचा अर्ज भरायला मस्जिदीच्या जमाती आणि शिकलेली पोरं मदत करू शकतात.

ग्राहकाच्या हातातही हक्क आहे. कायद्याच्या कलम ४० प्रमाणे, विकत घेताना दुकानदाराला तसं सांगून आणि फी भरून कुणीही नमुना तपासून घेऊ शकतो. नमुना खराब निघाला तर फी परत मिळते. तक्रारीसाठी एफडीएचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे.

स्वच्छतेचा मुद्दा आपण उचलला नाही तर उद्या तोच मुद्दा दुकानं बंद पाडायला वापरला जाईल. तेव्हा मोर्चे काढण्यापेक्षा आज आपल्या गल्लीतल्या दुकानात उभं राहून दोन प्रश्न विचारणं सोपं आहे. सुरुवात या जुम्म्यापासून करूया.